‘कोविड बॅच’ म्हणजे नेमकी कुठली? बारावी २०२० आणि बारावी २०२१

आमच्या घरात दोन्ही नमुने आहेत. भाचा बारावी झाला २०२० साली, त्याच्या पाठची बहीण २०२१ साली. लग्नकार्यात कुणीतरी काका दोघांना एका दमात सुनावतातच, “म्हणजे तुम्ही दोघंही परीक्षा न देता पास!” भाची हसून सोडून देते. भाचा मात्र उखडतो, आणि त्याचं उखडणं रास्त आहे. त्याने बारावीचे सगळेच्या सगळे पेपर बाकावर बसून दिलेत.

मी एका पदवी महाविद्यालयात शिकवते आणि ती दोन्ही वर्षं प्रवेश समितीत होते. त्यामुळे ‘कोविड बॅच’ हा शब्द ऐकला की मी आधी विचारते, कुठल्या सालची? एका वर्षाचं अंतर, पण गोष्टी दोन निराळ्या. २०२० च्या मुलांकडे गुण होते आणि प्रवेश अडला होता. २०२१ च्या मुलांचे प्रवेश बऱ्यापैकी मार्गी लागले, पण हातातल्या गुणांचं करायचं काय हे कुणालाच कळत नव्हतं.

आधी २०२० घेऊ. राज्य मंडळाची बारावीची लेखी परीक्षा १८ फेब्रुवारीला सुरू होऊन १८ मार्चला संपली. देशभरची टाळेबंदी त्यानंतर, २५ मार्चपासून. म्हणजे बारावी थोडक्यात सुटली. अडकली ती दहावी: २३ मार्चचा भूगोलाचा पेपर आधी पुढे ढकलला, मग रद्दच केला, आणि त्या विषयाला सरासरीने गुण दिले. ‘त्या वर्षी बोर्डाचा पेपर रद्द झाला होता’ असं जे लोकांच्या डोक्यात बसलंय ते इथून आलं. बारावीचं नुकसान झालं ते पेपर तपासण्यात. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे परीक्षक आणि त्यांची तपासणी पुन्हा पडताळणारे नियामक यांच्यामध्ये अडकले, गाड्या बंद, टपाल बंद. आदल्या वर्षी २८ मे रोजी लागलेला निकाल २०२० मध्ये १६ जुलैला लागला: ९०.६६ टक्के. तपासलेल्या उत्तरपत्रिकांवरचा, हवी तर छायाप्रत मागवून बघावा असा निकाल.

बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.चे प्रवेश निकालानंतर लगोलग सुरू झाले, सगळे ऑनलाइन. ऑनलाइन म्हणजे काय ते सांगते. आमच्या गेटला कुलूप, वॉचमनच्या खुर्चीवर सॅनिटायझरची बाटली, आणि पालक जाळीतून कागद दाखवतायत. टीसी आणा म्हणावं तर ज्युनिअर कॉलेजच बंद. एका मुलाचं तर विलगीकरण केंद्रासाठी ताब्यात घेतलेलं. मग हमीपत्र लिहून घ्यायचं, ‘मूळ कागदपत्रं नंतर सादर करीन’. एका मुलीने गुणपत्रिकेचा फोटो पाठवला, त्यावर नेमकी तिच्याच हाताची सावली. एकूण गुणांतला मधला आकडा ३ आहे की ८, ते काही केल्या लागेना. फोन केला तर वडिलांनी उचलला. “मॅडम, घरात मोबाइल हा एकच. मी कामावर आलोय. रात्री घरी गेलो की पोरीला परत काढायला सांगतो.” आमची यादी त्या रात्रीच्या फोटोसाठी थांबली. आकडा ८ निघाला.

तरी ही मुलं सुटली म्हणायची. खरी रखडपट्टी झाली ती इंजिनीअरिंग-फार्मसीवाल्यांची. त्यांची राज्याची प्रवेश परीक्षा, एमएचटी-सीईटी, एरवी उन्हाळ्यात होते. ती झाली ऑक्टोबरमध्ये. पीसीएम (फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स) गटाची पहिलीच तारीख १२ ऑक्टोबर, आणि त्याच दिवशी सकाळी मुंबई महानगरातली वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या आणि ज्यांचा पेपर बुडाला त्यांना पुन्हा संधी द्यावी लागली. सीईटीचा निकाल २८ नोव्हेंबरला. मग प्रवेशफेऱ्या. भाच्याच्या कॉलेजचा पहिला दिवस उजाडेपर्यंत कॅलेंडर बदललं होतं.

या उशिराचं सगळं खापर विषाणूवर फोडायचं कारण नाही. ९ सप्टेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने मराठा आरक्षणाला अंतरिम स्थगिती दिली. एसईबीसी, म्हणजे या आरक्षणाच्या प्रवर्गातून अर्ज भरलेल्या मुलांचं काय, हा प्रश्न सुटेपर्यंत अकरावीपासून वरपर्यंत प्रवेशांचं गाडं थांबलं. पुढे त्यांना खुल्या किंवा आर्थिक दुर्बल घटकांच्या प्रवर्गात जावं लागलं. साथ नसती तरी त्या वर्षी हा घोळ झालाच असता. पुढल्या वर्षी, ५ मे २०२१ ला, तो कायदाच रद्द ठरला, म्हणजे निदान प्रवेश सुरू होण्याआधी निकाल तरी हातात होता.

आता २०२१. दुसरी लाट ऐन भरात होती. दहावी एप्रिलमध्ये रद्द झाली, बारावी जूनच्या सुरुवातीला. लेखी परीक्षेच्या जागी सूत्र आलं: दहावीचे ३० टक्के, अकरावीचे ३० टक्के, बारावीतल्या अंतर्गत मूल्यमापनाचे ४० टक्के. ३ ऑगस्टला निकाल लागला, ९९.६३ टक्के.

या सूत्राकडे जरा जवळून बघण्यासारखं आहे, कारण ‘फुकटचे मार्क’ म्हणणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ते बघितलंय. दहावीचे गुण घेताना ज्या तीन विषयांत सर्वांत जास्त गुण पडले त्यांची सरासरी धरायची होती. म्हणजे दहावीला संस्कृत, मराठी आणि सामाजिक शास्त्रांत चमकलेल्या मुलाचं बारावीचं फिजिक्ससुद्धा त्या सरासरीने वर गेलं. अकरावीचे गुण तर आणखीच गमतीचे. ही मुलं अकरावीत होती २०१९-२० मध्ये, आणि त्या वर्षीच्या दुसऱ्या सत्राची परीक्षा टाळेबंदीमुळे झालीच नव्हती. तेव्हा तो तीस टक्क्यांचा हिस्सा मुख्यतः पहिल्या सत्रावर उभा. आणि बारावीची अंतर्गत परीक्षा? कुठे गूगल फॉर्मवर, कुठे व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या उत्तरांच्या फोटोंवर. कॉलेज काटेकोर असेल तर मुलाचे हाल, कॉलेज सैल असेल तर मुलाची चैन. मला विचाराल तर सूत्रापेक्षा मोठा अन्याय इथे होता. एका गावातली दोन सारखी मुलं केवळ कॉलेजच्या हाताप्रमाणे वरखाली झाली.

शिवाय या बॅचची दहावी आठवून बघा. मार्च २०१९. त्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढून टाकले होते, अभ्यासक्रम नवा होता, आणि दहावीचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ वरून थेट ७७.१० टक्क्यांवर आला होता. म्हणजे ज्या मुलांना आपण सगळ्यांत सोपी बारावी मिळालेली मुलं म्हणतो, त्यांनी अलीकडच्या काळातली चांगलीच कडक दहावी दिली होती. भाची तेव्हा निकालाच्या दिवशी दोन तास मोरीतून बाहेर आली नव्हती. हे त्या काकांना कोण सांगणार?

दोन्ही निकालांतला एक फरक मुलांना फार जाणवला. २०२० मध्ये गुण कमी वाटले तर गुणपडताळणी, छायाप्रत, पुनर्मूल्यांकन असा रस्ता होता. २०२१ मध्ये तपासायला उत्तरपत्रिकाच नव्हती, त्यामुळे तो रस्ताही नव्हता. निकाल पसंत नसेल तर पुढे प्रत्यक्ष परीक्षा देऊन श्रेणीसुधार करायचा, एवढंच. हॉल तिकिटं हातात पडली नव्हती, म्हणून निकाल बघण्यासाठी आधी आपला बैठक क्रमांक मंडळाच्या संकेतस्थळावर शोधावा लागला. कुठेही न बसलेल्या लेकरांचा बैठक क्रमांक! भाचीने तो आमच्या फ्रिजवर किराणा यादीच्या कोपऱ्यात लिहून ठेवला होता.

निकाल फुगला म्हणून त्या ऑगस्टमध्ये ‘आता जागा पुरणार कुठून’ अशी हाकाटी झाली. आकडे मांडून बघितले तर गंमत दिसते. २०२० मध्ये नियमित विद्यार्थ्यांपैकी सुमारे १२ लाख ८२ हजार उत्तीर्ण झाले, २०२१ मध्ये सुमारे १३ लाख १५ हजार. टक्केवारीत नऊ अंकांची उडी, पण माणसांत मोजली तर वाढ तेहतीस हजारांची, कारण २०२१ मध्ये मुळात परीक्षार्थीच जवळपास लाखाने कमी होते. राज्यभरात जागांचा दुष्काळ पडावा एवढी ही वाढ नव्हे. गर्दी झाली ती वरच्या टोकाला. पूर्वी पंच्याहत्तर ते पंच्याऐंशीत पसरलेली मुलं सरकून नव्वदीच्या आसपास जमली, आणि नव्वदीवाल्यांना एरवी डोळे झाकून मिळणारं नावाजलेलं कॉलेज त्यांना मिळेना. आमच्याकडे बी.कॉम.ची पहिली यादी लावताना दशांशचिन्हापुढचे दोन आकडे बघूनही मुलं वेगळी करता येईनात. त्याच वेळी तालुक्याच्या कॉलेजात शिकवणारी माझी मैत्रीण रिकाम्या बाकांची चिंता करत होती.

प्रवेशाच्या दृष्टीने या दोन सालांतली खरी रेघ इथे आहे. ज्या अभ्यासक्रमांना सीईटी होती त्यांना २०२१ च्या फुगलेल्या गुणांनी काही फरक पडला नाही. इंजिनीअरिंगला बारावीचे गुण पात्रतेपुरते लागतात, क्रम लागतो सीईटीच्या पर्सेंटाइलवर; आणि ती सीईटी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये केंद्रावर जाऊन द्यावी लागली. वैद्यकीयसाठी नीट होती, २०२० मध्ये १३ सप्टेंबरला आणि २०२१ मध्ये १२ सप्टेंबरला, म्हणजे तिथे दोन्ही बॅच जवळजवळ सारख्याच भाजून निघाल्या. फरक पडला साध्या पदवीला. तिथे सीईटी घेणार नाही, बारावीच्या गुणांवरच प्रवेश द्या, असं राज्य सरकारने सांगितलं. म्हणजे जिथे दुसरी चाळणी नव्हती नेमकी तिथेच पहिली चाळणी फाटलेली होती. दिल्ली विद्यापीठाचंही तेच झालं. २०२१ च्या पहिल्या यादीत काही अभ्यासक्रमांची कटऑफ सरळ १०० टक्के होती. पुढच्याच वर्षी केंद्रीय विद्यापीठांना सीयूईटी ही सामाईक प्रवेश परीक्षा आली.

तेव्हा २०२१ ची बारावी झालेला मुलगा इंजिनीअर होऊन तुमच्याकडे मुलाखतीला आला तर त्याच्या बारावीच्या टक्क्यांवरून नाक मुरडायचं कारण नाही. तो त्यांच्या जोरावर आत गेलेलाच नाही. आणि २०२० चा असेल तर नाक मुरडायला तेवढंही निमित्त नाही. त्याच्या बायोडेटात फार तर सहा महिन्यांचं भोक दिसेल. ते भोक सीईटीच्या तारखांचं आहे, त्याच्या आळसाचं नाही.

पदवीच्या शेवटच्या वर्षाची मुलंही स्वतःला ‘कोविड बॅच’ म्हणवतात, त्याने आणखी गोंधळ होतो. २०२० मध्ये अंतिम वर्षाची परीक्षा घेऊ नये असं राज्य सरकारचं म्हणणं होतं, यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) ६ जुलैला परीक्षा घ्याच असं सांगितलं, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २८ ऑगस्टला निकाल आला: परीक्षेशिवाय पदवी देता येणार नाही, फार तर तारीख पुढे मागून घ्या. मग ऑक्टोबरमध्ये बहुपर्यायी प्रश्नांची परीक्षा झाली, बहुतेकांनी घरून मोबाइलवर दिली. म्हणजे ज्यांना लोक ‘प्रमोट’ झालेले समजतात त्यांनी परीक्षा दिलीय. प्रमोट झाली ती खालच्या वर्षांतली मुलं.

राहिली २०२२ ची बारावी. ती या दोन्हींत बसत नाही. पंचवीस टक्के कमी केलेला अभ्यासक्रम, आपल्याच कॉलेजात केंद्र, अर्धा तास जादा, पण परीक्षा लेखी आणि समोरासमोर, निकाल ९४.२२ टक्के. त्यांना कुणी ‘कोविड बॅच’ म्हटलं तर ती फारशी भांडत नाहीत. कारण सरळ पुढे गेलेली ही मुलं मार्च २०२० मध्ये दहावीला होती, आणि त्यांच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर न दिलेल्या भूगोलाचे गुण अजून छापलेले आहेत.