मोबाइल फार बघणं वेगळं, मोबाइलचं व्यसन वेगळं

रामबाग असो की राजेंद्रनगर, इंदूरच्या मराठी घरांत हल्ली हे हमखास ऐकू येतं, "आमचा पोरगा मोबाइलचा ॲडिक्ट झालाय हो." पुरावा काय, तर रोजचे सहा तास. भंवरकुआंला कोचिंगसाठी राहणारी मुलं लाइव्ह क्लास, रेकॉर्डेड लेक्चर, टेस्ट सिरीज सगळं मोबाइलवरच करतात. त्यांचा स्क्रीनटाइम याहून जास्त भरेल. ती सगळी व्यसनी ठरवायची का?

जास्त वापराचे त्रास तुम्हाला पाठ आहेत. डोळे चुरचुरतात, मान धरते, झोप पुढे ढकलली जाते. त्यावर उपाय करायलाच हवा, पण एवढ्याने व्यसन ठरत नाही.

गोंधळ होतो तो तासांचा आकडा आणि सुटलेला ताबा एकच धरल्यामुळे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या रोगवर्गीकरणात 'गेमिंग डिसऑर्डर' हा आजार आहे. हे वर्गीकरण मे २०१९ मध्ये मंजूर झालं आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं. त्यातली व्याख्या एकदा नीट वाचा, किती तास खेळलं म्हणजे आजार, असा आकडा त्यात कुठेही नाही. डॉक्टर बघतात ते हे की खेळण्यावर ताबा राहिला आहे का, बाकीच्या आवडी आणि रोजची कामं मागे सारून खेळच पुढे आला आहे का, आणि नुकसान होतंय हे दिसत असूनही खेळणं चालूच आहे का. त्यापायी घर, अभ्यास किंवा नोकरी यांत ठळक बिघाड झालेला हवा, आणि हे साधारण बारा महिने चाललेलं हवं. लक्षणं फारच तीव्र असतील तर कमी काळही पुरतो. त्याच वर्गीकरणात धोक्याच्या गेमिंगचा एक वेगळा कप्पा आहे. धोका वाढलाय, पण अजून आजार नाही, अशांसाठी तो. तज्ज्ञांनी मधली पायरी राखून ठेवली आणि आपण नातेवाइकांसमोर पोराला थेट शेवटच्या पायरीवर नेऊन बसवतो. याचा मला मनापासून राग येतो.

आमच्या ओळखीतल्या एक काकू दिवसभर यूट्यूबवर कीर्तनं आणि रेसिपी बघतात, पाच तास सहज होतात. पण सानंद या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकाची तिसरी घंटा झाली की फोन पर्समध्ये जातो तो नाटक सुटेपर्यंत. मध्यंतरातही शेजारणीशी नटाच्या कामाबद्दलच बोलणं चालतं. याउलट एक गृहस्थ, आकडा काढला तर दिवसाला जेमतेम दोन तास. पण रीगल चौराह्याच्या सिग्नलला फोन हातात, जेवताना ताटाशेजारी फोन, मुलगी काही सांगायला आली की नजर न उचलता "हं". रात्री ठरवून रील्सचं ॲप काढून टाकतात, दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा टाकतात. ऑफिसात यावरून बोलणी खाल्ली, तरी फरक नाही. मला काळजी वाटते ती या गृहस्थांची. दोन तासांचा आकडा दाखवून घरचे निर्धास्त आहेत, हे तर आणखी वाईट.

नाटकाला पडदा असतो. रील्स संपतच नाहीत, आणि पुढची मजेदार निघेल की रटाळ, हे आधी कळत नाही. दाणा नेमका कधी मिळेल हे अनिश्चित ठेवलं की कबुतर जास्त चिकाटीने कळ टोचत राहतं, हे मानसशास्त्रज्ञ स्किनर यांच्या प्रयोगांनी कधीच दाखवून दिलंय. तेव्हा "मनावर ताबा नाही" म्हणून माणसाला हिणवण्यात अर्थ नाही.

नोमोफोबिया (फोन जवळ नसल्याची भीती), फोमो (आपलं काही हुकेल ही धास्ती) वगैरे शब्दांवर वेळ घालवू नका. सोशल मीडियाच्या किंवा स्मार्टफोनच्या व्यसनाला आयसीडी-११ मध्ये वेगळं नाव नाही. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३ च्या डीएसएम-५ या मनोविकारांच्या वर्गीकरणातही इंटरनेट गेमिंग फक्त 'अधिक अभ्यास हवा' या यादीत होतं. नाव नसलं तरी त्रास खरा असू शकतो, फक्त निदान आपण घरबसल्या करू नये. फोन ओढून घेतल्यावर पोरगं रडलं, हाही पुरावा नव्हे. रंगात आलेला कुठलाही खेळ मोडला की मूल रडतंच.

तास मोजायचेच असतील तर तान्ह्यांचे मोजा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन अजिबात नको, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला फार तर एक तास, तोही कमी तितका बरा. त्यांना मात्र आपण वरणभाताच्या घासाघासाला कार्टून लावून देतो आणि दहावीतल्या मुलाला व्यसनी म्हणतो.

फोन कपाटात कुलूपबंद करण्याआधी मुलाला विचारा की फोनवर नसताना त्याला काय नकोसं वाटतं. पुष्कळदा उत्तर नापास झालेला पेपर असतो, तुटलेली मैत्री असते किंवा खोल उदासी असते. फोन काढून घेतला तरी ती तिथेच राहते. ताबा सुटल्याच्या खुणा दिसत असतील तर मानसोपचारतज्ज्ञांना गाठा. बंगळूरच्या निमहान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत २०१४ पासून यासाठी खास 'शट' क्लिनिक आहे. तितकं लांब जायची गरज नाही. केंद्र सरकारची टेली-मानस ही फोनवरून मानसिक आरोग्याचा सल्ला देणारी सेवा १४४१६ वर चोवीस तास, मोफत आहे. पहिला फोन मुलाऐवजी आईवडिलांनी स्वतःच्या काळजीबद्दल केला तरी चालतो.