पयानघाट

वऱ्हाडच्या तीन परंपरागत भूविभागांपैकी मधला, सखल प्रदेश. उत्तरेस सातपुड्यापैकी गाविलगडच्या डोंगरांतील मेळघाट, दक्षिणेस अजिंठ्याच्या रांगेवरचा बालाघाट आणि या दोहोंमधले पूर्णा नदीचे काळ्या मातीचे खोरे म्हणजे पयानघाट. बुलढाणा जिल्ह्यात हा भेद आजही बोलण्यात आहे : चिखली, मेहकर ‘घाटावर’, खामगाव, मलकापूर ‘घाटाखाली’.

सोळाव्या शतकाच्या अखेरच्या आईन-ए-अकबरीत वऱ्हाडचे वर्णन दोन डोंगरांमधला मुलूख असे येते. तेव्हा ही कल्पना निदान तितकी जुनी मानावी लागते. अजिंठ्याची रांग खरी जलविभाजक आहे. तिच्या उत्तर उतारावरचे पाणी पूर्णेतून तापीला व पुढे अरबी समुद्राला जाते. माथ्यावरचे पैनगंगा आणि खडकपूर्णेवाटे गोदावरीत, म्हणजे बंगालच्या उपसागराकडे. खडकपूर्णा ही वेगळी नदी. तापीला मिळणाऱ्या पूर्णेशी तिची गल्लत करू नये.

खोऱ्याच्या मध्यभागी अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेला सुमारे ४,७०० चौ. किमी.चा खारपाणपट्टा आहे. येथील विहिरींचे पाणी खारे का, याविषयी मतभेद आहेत. येथे पूर्वी समुद्राचा फाटा शिरला होता व त्याचे मीठ मागे राहिले, असे एक मत. प्राचीन सरोवर आटले, असे दुसरे. समुद्राचे मत आकर्षक असले तरी त्याला भूवैज्ञानिक आधार तोकडा आहे. दख्खनच्या बेसाल्टी थरांत भ्रंशामुळे (खडकांना तडा जाऊन ते सरकल्यामुळे) खचलेल्या द्रोणीत, म्हणजे खोलगट भागात, नदीने शंभर मीटरहून अधिक जाडीचा गाळ साठवला, निचरा मंद राहिला आणि कोरड्या हवामानात बाष्पीभवनाने क्षार साचत गेले, हे स्पष्टीकरण अधिक पटण्यासारखे आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी गाळ भरड आहे, पाणी मुरते व वाहते राहते, म्हणून अचलपूर, अंजनगाव, अकोट या पट्ट्यात विहिरी गोड्या असून संत्र्याच्या बागा आहेत. समुद्राच्या मतातून हा फरक उलगडत नाही.

खाऱ्या पट्ट्यातील चिकण मातीत सोडियमचे प्रमाण जास्त असते; ओली झाली की ती फुगते व पाणी खाली जाऊ देत नाही. विहीर असूनही ओलीत करता येत नाही, त्यामुळे कापूस, तूर, मूग ही पिके पावसावरच घेतली जातात, आणि पिण्याचे पाणी अनेक गावांना वान धरणासारख्या दूरच्या जलाशयांतून नळाने आणावे लागते. या लोकांची ही गैरसोय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे.

पूर्वेकडील सीमा अशी ठळक नाही. अमरावतीजवळच्या पोहऱ्याच्या टेकड्यांपलीकडे पाणी वर्धा नदीला जाते, तरी जुन्या महसुली व्यवहारात तो भागही पयानघाटातच धरत.