युद्धपटांतील छळ-चौकशी

पकडलेल्या शत्रूकडून माहिती काढण्यासाठी केलेली मारहाण, विजेचे झटके, पाण्याने गुदमरवणे, झोपू न देणे अशा प्रकारांचे युद्धपटांतील चित्रण. १९४९च्या जिनीव्हा करारांनी कैद्यांच्या छळाला बंदी घातली आहे, पण पडद्यावर कायद्याची चर्चा क्वचितच होते. कैदी बोलला का आणि त्याच्या बोलण्याचा उपयोग झाला का, यावरून चित्रपटाचा कौल ओळखावा लागतो.

रोबेर्तो रोसेलिनी यांच्या ‘रोम, ओपन सिटी’मध्ये (१९४५) नाझींच्या गुप्त पोलिसांच्या, म्हणजे गेस्टापोच्या, तावडीतला प्रतिकार चळवळीतला मानफ्रेदी मरेपर्यंत तोंड उघडत नाही. छळणारा परका, सोसणारा आपला. बाजू कोणती घ्यायची हा पेच प्रेक्षकापुढे नसतोच.

अल्जीरियाच्या फ्रान्सविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धाने (१९५४–६२) ही सोय राहू दिली नाही. ज्या फ्रान्सने गेस्टापो भोगला, त्याचेच सैनिक आता विजेच्या तारा जोडत होते. जिलो पोंतेकोर्वो यांचा ‘द बॅटल ऑफ अल्जीअर्स’ (१९६६) सुरू होतो तो छळ संपल्यावर. कैदी फुटलेला आहे. सैनिक त्याच्या अंगावर फ्रेंच गणवेश चढवतात आणि तो त्यांना बंडखोर अली ला प्वांतच्या लपण्याच्या जागेपर्यंत नेतो. म्हणजे छळाने काम झाले, आणि पोंतेकोर्वो ते झाकत नाहीत. अशा विषयावर इतका प्रामाणिकपणा विरळाच. पुढे फ्रेंच सैन्याचा प्रमुख कर्नल मॅथ्यू पत्रकारांनाच विचारतो, फ्रान्सने अल्जीरियात राहावे का? राहावे म्हणत असाल, तर परिणामही पत्करा. ही भूमिका करणाऱ्या झाँ मार्तें यांनी या युद्धाविरुद्धच्या १९६०च्या ‘१२१ जणांच्या जाहीरनाम्या’वर सही केली होती, तर निर्माते सादी यासेफ हे अल्जीअर्समधल्या बंडखोरांचे नेते, त्यांनी चित्रपटात कामही केले. १९५७मध्ये सैन्य शहर जिंकते, तरी शेवटी १९६०ची निदर्शने रस्त्यावर उतरतात. माहिती मिळाली, देश गेला. फ्रान्समध्ये हा चित्रपट कित्येक वर्षे दाखवला गेला नाही. २००३च्या ऑगस्टमध्ये मात्र, इराक हाताबाहेर जाऊ लागल्यावर, पेंटागॉनने, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याने, तो आपल्या अधिकाऱ्यांसाठी लावला.

ओसामा बिन लादेनच्या शोधावरच्या, कॅथरीन बिगेलो यांच्या ‘झिरो डार्क थर्टी’चा (२०१२) वाद मुख्यतः प्रसंगांच्या क्रमावरून झाला. आधी काळ्या पडद्यावर ११ सप्टेंबरचे आक्रोश ऐकू येतात आणि लगेच अमेरिकी गुप्तहेर संस्था सीआयएची छळाची खोली दिसते. प्रेक्षकाचा राग तापलेला असतानाच त्याच्यापुढे कैदी आणला जातो. हा कैदी ओसामाच्या निरोप्याचे नाव सांगतो ते नंतर, समोर जेवण ठेवून त्याला फसवल्यावर. म्हणून चित्रपट छळाची भलामण करत नाही, असा समर्थकांचा युक्तिवाद. तो अपुरा आहे: मागचे दिवस आठवल्याशिवाय तो माणूस त्या जेवणापाशी बोललाच नसता, असेच चित्रपट सुचवतो. डिसेंबर २०१२मध्ये फाइनस्टाइन, लेव्हिन आणि मॅकेन या अमेरिकी सिनेटरांनी सोनी पिक्चर्सला निषेधाचे पत्र लिहिले. निरोप्याबद्दलची सर्वांत अचूक माहिती देणाऱ्या कैद्याने ती छळाआधीच दिली होती, असे सिनेटच्या समितीच्या २०१४च्या अहवालात आले. सीआयएला हा निष्कर्ष मान्य नव्हता. त्या अहवालाच्या खटाटोपावर २०१९मध्ये ‘द रिपोर्ट’ हा चित्रपट निघाला.

छळाखाली मिळालेली खोटी माहिती हा भाग मोठ्या युद्धपटांनी फारसा हाताळलेला नाही. अमेरिकेच्या हाती लागलेल्या इब्न अल-शेख अल-लिबी याने इजिप्तमधल्या कैदेत इराक आणि अल कायदा यांचा संबंध सांगितला. अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी फेब्रुवारी २००३मध्ये संयुक्त राष्ट्रांपुढे तो मांडला, आणि पुढच्या वर्षी अल-लिबीने आपला जबाब फिरवला. तोवर इराक युद्ध सुरू झाले होते.