ठाणे खाडीत रोहित (फ्लेमिंगो) टिपायचेत? परवानगी कोणाला लागते, अर्ज कसा करायचा

ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झाले. क्षेत्र सुमारे १६.९ चौरस किलोमीटर, त्यातला निम्म्याहून अधिक भाग कांदळवनाचा. २०२२ पासून ते रामसर स्थळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही आहे. इथे परवानगी कामानुसार बदलते. कॅमेरा घेऊन बोटीत बसणे वेगळे आणि कामासाठी चित्रीकरण करणे वेगळे.

हौशी छायाचित्रकाराला ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून सुटणाऱ्या बोटीचे तिकीट काढून जाता येते. ओळखपत्र जवळ ठेवा. दर आणि बोटीची वेळ केंद्रातच विचारा, इंटरनेटवर फिरणारे जुने दर धरून चालू नका.

माहितीपट, जाहिरात, संशोधन किंवा नेहमीच्या फेरीबाहेरचे काम असेल तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २८ खाली परवाना लागतो. तो मुख्य वन्यजीव रक्षक देतात. अभयारण्याचा कारभार वन खात्याच्या कांदळवन कक्षाकडे असल्याने अर्ज कुठे द्यायचा ते आधी त्यांच्याकडे विचारावे. अर्जात हेतू, नेमकी जागा, तारखा आणि बोट लिहा. सोबत चमूतील प्रत्येकाचे नाव व ओळखपत्राची प्रत, उपकरणांची यादी, चित्रपटाचा गोषवारा किंवा संशोधनाचा आराखडा, आणि संस्थेचे पत्र जोडा. चित्रीकरणाने अधिवासात बदल होणार नाही किंवा पक्ष्यांना त्रास होणार नाही, ही अट २०२२ च्या दुरुस्तीने कायद्यातच आली आहे. तेव्हा बोट थव्यापासून किती दूर थांबवणार, हे अर्जातच सांगितलेले बरे. ड्रोनचा उल्लेख उपकरणांच्या यादीत दडवू नका. त्याला वन खात्याची स्वतंत्र संमती आणि हवाई क्षेत्राचे नियम दोन्ही लागतात, शिवाय एका घिरटीत अख्खा थवा उठतो.

अर्ज फसतो तो बहुधा तारखेवर. लोक रविवार पाहून तारीख मागतात, खाडी मात्र तिथी पाहून चालते. तिथीला पाऊणने गुणले की भरतीची ढोबळ वेळ मिळते: एकादशीला सव्वाआठ, चतुर्थीला तीन. खाडीच्या आत पाणी थोडे उशिरा चढते, म्हणून भरती-ओहोटीचे तक्ते पाहूनच वेळ पक्की करा. ओहोटीला बोट चिखलात रुतते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला उलटी अडचण: चरायचा चिखल बुडाला की रोहित नवी मुंबईच्या पाणथळींकडे उडतात. फोटोसाठी बरी वेळ म्हणजे पाणी चढत असतानाची, कारण उरलेल्या चिखलावर थवा दाटतो आणि शेजारी तुतवार, चिखले असे किनाऱ्याचे छोटे पक्षीही येतात. सप्तमी-अष्टमीच्या भांगाला, म्हणजे कमी चढणाऱ्या भरतीला, चिखल जास्त वेळ उघडा राहतो. म्हणून अर्जात एकच दिवस न मागता आठ-दहा दिवसांचा कालावधी मागा. हंगाम साधारण नोव्हेंबर ते मे, आणि अर्ज निदान महिनाभर आधी पोचलेला असावा.

सकाळी ऐरोलीकडून भांडुपच्या काठाकडे पाहिले की ऊन पाठीशी असते. हलत्या बोटीत तिपाई कुचकामी. ४०० मिमी किंवा जास्त लेन्स, शटर १/१६०० सेकंद किंवा त्याहून वेगवान, आणि आधाराला वाळूची पिशवी. थवा मान वर करून एका दिशेने चालू लागला की नावाड्याला इंजिन मंद करायला सांगा. पुढे रेटलेत तर उड्डाणाचा फोटो मिळेलही, पण मुद्दाम पक्षी हाकलणे हा गुन्हा ठरू शकतो.