सैनिकी स्केल मॉडेलचे रंग : ॲक्रिलिक आणि एनॅमल

रणगाडे, तोफा, लढाऊ विमानं आणि सैनिकांचे छोटे पुतळे यांची प्रमाणबद्ध मॉडेल रंगवायला वापरतात ते रंग. ढोबळमानाने दोन गट, ॲक्रिलिक आणि एनॅमल. लॅकर (तीव्र द्रावकातला, झटपट सुकणारा रंग) हा तिसरा गट आहे पण त्याचा उल्लेख इथे गरजेपुरताच. मॉडेल बहुतेक पॉलिस्टायरीन प्लॅस्टिकची असतात, रणगाडे जास्त करून १/३५ आणि विमानं १/७२ नाहीतर १/४८ या प्रमाणात. (१/३५ हे प्रमाण तसं बघितलं तर कुठल्याच मापनपद्धतीत नीट बसत नाही, टामिया या जपानी कंपनीच्या १९६०च्या दशकाच्या सुरुवातीच्या पँथर रणगाड्यात मोटर आणि बॅटऱ्या मावल्या पाहिजेत म्हणून आकार ठरला आणि पुढे सगळ्यांनी तेच उचललं, असं कंपनीकडूनच सांगितलं गेलंय.)

दोनपैकी कोणता घ्यावा यावर छंदवाल्यांत वर्षानुवर्षं वाद चालू आहे. ॲक्रिलिक म्हणजे नवं, सुरक्षित, पाण्यात धुतलं जाणारं आणि एनॅमल म्हणजे जुनं, वासाचं, चिवट, अशी विभागणी सर्रास केली जाते. ती अर्धीच खरी आहे. डबीवर काय नाव छापलंय यापेक्षा आतला रंग कशाने पातळ होतो हे बघितलं तर निवड बरीच सोपी होते, आणि खानदेशासारख्या ठिकाणी तर महिना कोणता चालू आहे तेही बघावं लागतं.

उगम : मॉडेलसाठीचं एनॅमल म्हणजे मुळात अल्किड राळेचा तेलरंग. या राळेचा शोध कोणाच्या नावावर टाकायचा यावर एकमत नाही. काही संदर्भग्रंथ १८४७ पर्यंत मागे जातात, त्या साली बर्झेलियसने ग्लिसरीन आणि टार्टारिक आम्लापासून राळेसारखा पदार्थ तयार केला होता. काही जण १९०१ धरतात, तेव्हा वॉटसन स्मिथने ग्लिसरीन आणि थॅलिक ॲनहायड्राइड एकत्र आणलं. पण हे दोन्ही पदार्थ काचेसारखे ठिसूळ होते, त्याचा ब्रशने लावायचा रंग काही होण्यासारखा नव्हता. १९२०च्या दशकात अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकमध्ये रॉय कीनले याने त्यात जवसासारख्या सुकणाऱ्या तेलातली स्निग्धाम्लं घातली आणि मग ती राळ लवचीक झाली, टर्पेंटाइनमध्ये विरघळायला लागली, हवेत सुकायला लागली. रंगाच्या अंगाने विचार केला तर हे तिसरं मतच जास्त पटतं, कारण आजही डबीतलं एनॅमल सुकतं ते त्या तेलाच्या जिवावरच.

ॲक्रिलिकची गोष्टही साधारण तेवढीच जुनी निघते. ओटो रोम याने जर्मनीत ट्यूबिंगनला १९०१ मध्ये ॲक्रिलिक आम्लाच्या बहुवारिकांवर (पॉलिमरवर) प्रबंध लिहिला, १९०७ मध्ये ओटो हासला भागीदार घेऊन कंपनी काढली, आणि १९३०च्या दशकात प्लेक्सिग्लास हे काचेसारखं ॲक्रिलिक प्लॅस्टिक बाजारात आलं. म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या ज्या लढाऊ विमानांची मॉडेल आपण रंगवतो त्यांच्या कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण खरोखरचं ॲक्रिलिक होतं, रंग मात्र ॲक्रिलिकचा नव्हता. पाण्यात मिसळणारं ॲक्रिलिक इमल्शन रंगासाठी आलं ते १९५३च्या सुमारास आणि चित्रकारांच्या हातात पडलं त्याच दशकाच्या मध्यावर. मॉडेलवाल्यांकडे ते त्याच्याही बऱ्याच नंतर आलं, तोवर एनॅमलचंच राज्य होतं. इंग्लंडमधल्या हल शहरातली हंब्रोल ही १९१९ मध्ये हंबर ऑइल कंपनी म्हणून निघालेली तेलाची कंपनी, पुढे ती रंगात आली आणि तिची १४ मिलीची पत्र्याची डबी म्हणजेच मॉडेलचा रंग असं समीकरण कित्येक वर्षं टिकलं.

सुकण्याची रीत : खरा फरक इथे आहे. एनॅमल दोन टप्प्यांत सुकतं. आधी टर्पेंटाइन उडून जातं आणि रंग हाताला लागेनासा होतो, याला काही तास जातात, आणि मग तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन आतून जाळं विणत बसतं, त्याला दिवस लागतात. डबीतला धातूचा क्षार (पूर्वी सर्रास कोबाल्टचा) याच कामाला असतो. म्हणून तर अर्धवट मिटलेल्या डबीत वर साय धरते, आणि म्हणूनच पांढरं एनॅमल काही वर्षांनी पिवळट पडतं. फायदा असा की रंग बराच वेळ ओला राहतो, ब्रशच्या रेघा आपोआप बसतात, हाताने रंगवणाऱ्याला याच्यासारखं सुख नाही. एक गोष्ट मात्र लोक विसरतात, मॅट एनॅमलमधली चमक मारणारी पूड तळाला बसलेली असते, डबी काडीने खालपासून ढवळली नाही तर मॅट म्हणून घेतलेला रंग मॉडेलवर तुळतुळीत चमकतो आणि शिव्या कंपनीला पडतात.

ॲक्रिलिक या एका नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली, व्हायेहो या स्पॅनिश कंपनीसारखी खरी पाण्यातली इमल्शन. राळेचे बारीक कण पाण्यात तरंगत असतात, पाणी गेलं की ते एकमेकांना चिकटून पापुद्रा होतो आणि तो परत पाण्यात विरघळत नाही. दुसरी, टामियाच्या एक्स आणि एक्सएफ मालिका किंवा मिस्टर हॉबी ॲक्विअस, यांत अल्कोहोल आणि ग्लायकॉल इथर असतं आणि त्यांचा स्वभाव लॅकरकडे झुकणारा. टामियाचा रंग ब्रशने लावला की दुसरा हात पहिल्याला उचलून काढतो, थर गोळा होतो, हा अनुभव जवळजवळ प्रत्येकाचा. तोच रंग त्यांच्या एक्स-२०ए थिनरमध्ये साधारण निम्मानिम करून, ताकाइतका पातळ करून, १५ ते २० पीएसआय दाबावर एअरब्रशने (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनाने) मारला तर इतका गुळगुळीत बसतो की एनॅमलची आठवण येत नाही. व्हायेहोचं बरोबर उलटं, ब्रशला उत्तम, पण उघड्या प्लॅस्टिकला पकड कमी, प्रायमर म्हणजे अस्तराचा थर न मारता रंगवलं तर मास्किंग टेपबरोबर अख्खा पापुद्रा निघून येतो. आणि व्हायेहोत अल्कोहोलवालं थिनर ओतलं की कपात दह्याच्या गुठळ्या. दोन्ही डब्यांवर ॲक्रिलिकच लिहिलेलं असतं!

थिनर : एनॅमलला व्हाइट स्पिरिट म्हणजे आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं मिनरल टर्पेंटाइन चालतं, त्याच कारणाने गावखेड्यातही एनॅमलवाल्याचं अडत नाही. फक्त दुकानात जाऊन नुसतं "थिनर द्या" म्हणू नये. सुतारकाम आणि गाडी रंगवण्याच्या सवयीने दुकानदार एनसी (नायट्रोसेल्युलोज लॅकरचं) थिनर पुढे करतो आणि ते पॉलिस्टायरीनला खातं. किटच्या उरलेल्या स्प्रूवर, म्हणजे सुटे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात त्या काडीवर, एक थेंब टाकून बघावा. एनसी असेल तर काही सेकंदांतच पृष्ठभाग मऊ होतो, बोट लावलं की ठसा उमटतो आणि तार सुटते. टर्पेंटाइन असेल तर नुसतं ओलं होऊन उडून जातं. टामियाच्या रंगाला त्यांचं थिनर मिळालं नाही तर मोबाइल दुरुस्तीवाले सर्किट पुसायला ठेवतात ते आयसोप्रोपिल अल्कोहोल चालून जातं, पण सुकायचा वेग वाढतो.

खानदेशातलं हवामान : जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि हवा कोरडी ठाक असते. अशा दुपारी ॲक्रिलिक एअरब्रशच्या टोकाला सुईवरच वाळतं, रंग मॉडेलपर्यंत पोचेस्तोवर अर्धा सुकलेला असतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. रिटार्डरचे म्हणजे सुकणं लांबवणाऱ्या द्रवाचे थेंब टाकणं, सुईचं टोक सारखं पुसणं किंवा सरळ पहाटे बसणं हे उपाय. कूलर लावला तर हवेत ओलावा येऊन पाण्याच्या रंगाला बरं पडतं, पण कूलरचा झोत वाळ्याचा किंवा गवताचा भुगा घेऊन येतो आणि तासन्‌तास ओलं राहणारं एनॅमल तो सगळा झेलतं, वर परत घरातलं कोणीतरी डोकावून "हे काय करू राहिला भो" म्हणत फुल स्पीड करून जातं. उन्हाळ्यात एनॅमल वापरायचं असेल तर मॉडेल झाकणाच्या डब्यात सुकवावं, डबा पत्र्याच्या छपराखाली ठेवू नये, बारीक नळ्या आणि अँटेना त्या उष्णतेने वाकतात. जुनं धाब्याचं घर असेल तर प्रश्नच मिटला, आत गारवा असतो, फक्त वरून पडणाऱ्या मातीपासून जपावं लागतं.

पावसाळ्यात उलट तऱ्हा. दमट हवेत एनॅमल लवकर कडक होत नाही, लॅकरवर पांढरट धूर चढतो, ॲक्रिलिकचं तेवढं बिघडत नाही. थंडीत धुळ्याला पारा १० अंशांखाली उतरतो त्या दिवसांत पाण्यातल्या इमल्शनचे कण नीट चिकटत नाहीत, बाटली थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवावी. एकूण बघता ॲक्रिलिकसाठी इथे सगळ्यात चांगला काळ पाऊस ओसरल्यानंतरचा, दिवाळीच्या आगेमागे.

थरांचा क्रम : अनुभवी मॉडेलवाले आता दोनपैकी एक निवडत नाहीत, दोन्ही वापरतात, आणि हेच मत ग्राह्य वाटतं. खालचा मूळ रंग ॲक्रिलिकचा, वर चमकदार क्लिअर कोट म्हणजे पारदर्शक थर, त्यावर एनॅमलचा वॉश म्हणजे रिबेटभोवती आणि सांध्यांत मुरणारा पातळ गडद रंग. टर्पेंटाइन वाळलेल्या ॲक्रिलिकला सहसा काही करत नाही त्यामुळे जास्तीचा वॉश अर्ध्या तासाने, तासाने सुद्धा ब्रशने पुसून काढता येतो. खालचा थर एनॅमलचा असेल तर तोच टर्पेंटाइनने ढिला होतो आणि मातकट चिखल होतो. एक धोका आहे, वॉश सढळ हाताने ओतला आणि तो उघड्या प्लॅस्टिकच्या सांध्यात उतरला तर ताणाखालचा भाग ठिसूळ होतो, रणगाड्याच्या चाकाचा आस दुसऱ्या दिवशी नुसत्या स्पर्शाने तुटलेला सापडतो. रंग खरवडल्यासारखा दाखवायचं हेअरस्प्रेचं तंत्र तर ॲक्रिलिकशिवाय होतच नाही, कारण तिथे पाणी वरच्या थरातून आत जाऊन खालचा हेअरस्प्रे सोडवतं.

रंगछटा : डबीवरचा नंबर बरोबर म्हणून रंग बरोबर असं नसतं. जर्मन रणगाड्यांचा १९४३ नंतरचा गडद पिवळा (राल या जर्मन रंगमानकात ७०२८) प्रत्येक कंपनीचा वेगळा दिसतो, आणि युद्धात तो लेपाच्या रूपात येऊन जागेवर जे मिळेल त्यात पातळ केला जायचा, तेव्हा एकच खरी छटा शोधण्यात फारसा अर्थ नाही. भारतीय वाहनांसाठी तयार रंग कमी मिळतात, विजयंत किंवा टी-५५ रणगाडा करणारे ऑलिव्ह हिरव्यात पिवळा आणि काळा मिसळून काम भागवतात. तयार तेलरंगांच्या छटांसाठी आयएस ५ हे भारतीय मानक आहे, त्याच्या शेड कार्डाशी ताडून बघणं हा त्यातल्या त्यात भरवशाचा मार्ग. अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये (स्थापना १९९४) जाऊन फोटो काढून आणणारे बरेच आहेत, आकार आणि बारकाव्यांसाठी ते उत्तमच, पण उघड्यावर ठेवलेल्या रणगाड्याला पुन्हा पुन्हा रंग लागतो, त्यावरून १९७१ची छटा ठरवू नये. भुसावळ आणि वरणगावला ऑर्डनन्स फॅक्टऱ्या असल्यामुळे लष्करी हिरवा आपल्याला पाठ आहे असं इकडच्या लोकांना वाटतं, तेही जपूनच घ्यावं. लहान मॉडेलवर रंग थोडा फिका करावा की नाही हा वेगळाच वाद. नजरेला लांबची वस्तू फिकी दिसते हे खरं, पण किती टक्के पांढरा घालायचा याचे जे तक्ते फिरतात ते डोळे झाकून वापरू नयेत.

पुतळे : कापड आणि कातडीसाठी पाण्यातलं मॅट ॲक्रिलिक सोयीचं, पातळ थरांवर थर चढवता येतात. जेम्स आउट्रम या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८२५ मध्ये उभारलेली, धरणगावला ठाणं असलेली खानदेश भिल्ल कोअर ही फौज हा या भागातल्या पुतळेवाल्यांसाठी सरळ हाताशी असलेला विषय आहे, तयार किट नाही, दुसऱ्या पुतळ्यांचे भाग जोडूनच करावं लागतं. स्टेशनरीत मिळणारे फॅब्रिकचे ॲक्रिलिक रंग डायोरामाच्या (मॉडेलभोवती उभारलेल्या देखाव्याच्या) जमिनीला ठीक आहेत, पुतळ्याच्या चेहऱ्यावर मात्र त्यांचा थर रबरासारखा जाड बसतो आणि नाकडोळे बुजतात. जुन्या किटमधल्या रणगाड्याच्या चाकांभोवतीच्या मऊ व्हिनाइलच्या पट्ट्यांवर एनॅमल लावू नये, ते महिनोन्‌महिने चिकट राहू शकतं.

मिळणं आणि काळजी : एनॅमल ज्वलनशील द्रवात मोडतं त्यामुळे हवाई पार्सलने ते येत नाही, मुंबई-पुण्याहून रस्त्याने किंवा कोणाच्या तरी हाती मागवावं लागतं, पाण्यातलं ॲक्रिलिक मात्र कुरिअरने घरपोच येतं. निवडीमागचं खरं कारण कित्येकदा एवढंच असतं. ॲक्रिलिकला वास नाही म्हणून मास्क नको हा समज चुकीचा, एअरब्रशचा धुरळा पाण्याचा असला तरी त्यातली रंगद्रव्यं आणि राळ फुफ्फुसातच जातात. टर्पेंटाइनने मळलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, तेल हवेशी संयोग पावताना तापतं आणि ढीग आपोआप पेटू शकतो, त्या सुट्या पसरून वाळू द्याव्यात. वापरलेलं टर्पेंटाइन मोरीत ओतू नये, बरणीत दोन दिवस ठेवलं की गाळ खाली बसतो आणि वरचं निवळ परत ब्रश धुवायला कामाला येतं.