विदर्भाच्या अंगणात सूचिपर्णी झाड

डिसेंबर लागला की नर्सरीत 'ख्रिसमस ट्री'च्या कुंड्या पुढे येतात आणि "देशीच आहे, न्या बिनधास्त" असं सांगितलं जातं. ते अरोकॅरिया, पॅसिफिकमधल्या बेटांवरचं. मोरपंखी चीनकडची. दोन्ही सूचिपर्णी, म्हणजे सुईसारख्या किंवा बारीक पानांची, फळांऐवजी खवल्यांच्या शंकूत बिया धरणारी झाडं. सुरूचं झाड तर सूचिपर्णीच नाही. त्याची 'सुई' ओढून पाहा, पेरापेरानं सुटते. ती असते बारीक फांदी आणि पेरावरचे इवलेसे दाते ही खरी पानं. विदर्भाचं स्वतःचं सूचिपर्णी झाड आज एकही नाही.

एके काळी होती. नागपूरजवळच्या टाकळीच्या खडकांत सूचिपर्णींचे जीवाश्म शंकू मिळाले. १९३१ मध्ये जीवाश्म वनस्पतींचे अभ्यासक बिरबल साहनींनी त्यातल्या एकाचं नाव 'टाकलिओस्ट्रोबस' ठेवलं. वय सुमारे साडेसहा कोटी वर्षं.

ती का टिकली नाहीत याला कारणं अनेक, पण मला गंमत वाटते ती लाकडाची. सागाच्या ओंडक्याचा ताजा काप बघा, नुसत्या डोळ्यांना छिद्रांची वर्तुळं दिसतात. त्या पाणी नेणाऱ्या वाहिन्या. मशीनच्या खोक्याची पाइनची, म्हणजे सूचिपर्णी झाडाची, फळी घ्या, तसं छिद्र सापडणार नाही. तिथे असतात वाहिनिका, काही मिलिमीटर लांब, दोन्ही टोकं बंद. नळीचा व्यास दुप्पट झाला की त्याच दाबाला प्रवाह सोळापट होतो. म्हणून साग चार महिने ढसाढसा पाणी ओढून वाढतो आणि उन्हाळ्यात पानं टाकून मोकळा होतो. रुंद नळीला धोका एकच: विहिरीवरची मोटार हवा धरते तशी तीही धरते. पाइनमध्ये दोन वाहिनिकांच्या मधल्या भिंतीत खाचा असतात, खाचेत जाळीवर टांगलेली चकती. शेजारी हवा शिरली की दाबातल्या फरकानं चकती सरकून भोकावर बसते. हवा तिथेच अडते, बाजूच्या वाहिनिका चालू राहतात. झाड तगतं, पण वाढ सावकाश. सागाच्या रानात सावकाश वाढणारं रोप सावलीत दबून जातं.

अंगणात ही शर्यत नसते. म्हणूनच मोरपंखी आपल्याकडे जगते. तिचं पान वहीत ठेवलं की विद्या येते, जोडीनं लावली की पैसा येतो, हे सोडून द्या. काळ्या जमिनीत पावसाळ्यात मुळाशी पाणी तुंबतं आणि मुळं कुजतात; तेव्हा मुरूम-वाळूचा वीतभर उंचवटा करून त्यावर लावा. दाट हिरवा आडोसाच हवा असेल तर करंज लावा, तो इथलाच आहे.