गावातलं सभागृह लग्नाला पाहिजे? अर्ज कुणाकडे, कागदं कोणती, डिपॉझिट कसं, सगळं इथे वाचा

तिथी धरली की पहिला फोन मंगल कार्यालयाला जातो आणि तिथला रेट ऐकला की मग गावातल्या सभागृहाची आठवण होते. निफाड, दिंडोरी साइडला तर एप्रिलात द्राक्षाची खरड छाटणी आणि दाट तिथी एकदमच येतात, मळ्यातलं काम टाकून लोकांना नाशिकला लग्नाला यायला जमत नाही, त्यामुळे गावातच लग्न लावलेलं सगळ्यांना सोयीचं पडतं. पण बुकिंगच्या वेळी "आधी आमच्या माणसाला सांगा" किंवा "चावी अमक्याच्या घरी असते" असं ऐकून बरेच जण माघारी येतात. तसं येऊ नका.

आधी हे डोक्यात पक्कं करा की हॉल कुणाचा आहे. दारावर आमदार निधी, खासदार निधी, २५१५ (ग्रामविकास खात्याचा निधी), काहीही लिहिलेलं असो आणि नाव केवढ्याही मोठ्या अक्षरात असो, ते फक्त पैसा कुठून आला ते सांगतं. वस्तीतलं समाजमंदिर बहुतेक वेळा जिल्हा परिषदेच्या समाजकल्याणकडून, दलित वस्ती सुधार योजनेतून झालेलं असतं, आणि सुरगाणा, पेठ, त्र्यंबक, कळवण भागातल्या पाड्यांवरचं ठक्कर बाप्पा योजनेतून. बांधून झालं की ते ग्रामपंचायतीच्या ताब्यात येतं, तिच्या मालमत्तेच्या रजिस्टरला चढतं, भाडं ग्रामनिधीत जमा होतं. सरपंच बदलला म्हणून हॉल बदलत नाही.

हे एवढं ठासून सांगायला कारण आहे. पूर्वी गाव बसायचं ते चावडीवर, पारावर, नाहीतर देवळाच्या सभामंडपात, आणि तिथे सगळ्यांना जागा नव्हती. आपल्या नाशिकातच २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली, दादासाहेब गायकवाड त्यात पुढे, म्हणजे दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचा माणूस. वर्षानुवर्षं चालला तरी दार उघडलं नाही, आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली. सरकारी पैशातून बांधलेल्या सार्वजनिक जागेत जातीवरून कुणाला अडवता येणार नाही हे पुढे घटनेच्या कलम १५ मध्येच आलं. म्हणून हॉलच्या अर्जात जातीचा रकाना नसतो, कुणी तोंडी विचारली तरी सांगायची गरज नाही.

आता अर्ज. छापील फॉर्म असेल तर ठीक, नसेल तर साध्या कागदावर चालतो, वर "मा. सरपंच / ग्रामसेवक" (हल्ली पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय), खाली कार्यक्रम कोणता, तारीख, किती वाजेपासून किती वाजेपर्यंत, माणसं अंदाजे किती, मंडप बाहेर टाकणार का, स्वयंपाक आत की बाहेर. दोन प्रती करा आणि एका प्रतीवर आवक नंबर, शिक्का घेऊन ती स्वतःजवळ ठेवा. व्हॉट्सॲपवर "तारीख लिहून ठेवा हो" म्हणणं म्हणजे बुकिंग नाही, एकाच तारखेला दोन घरं येऊन उभी राहतात ती यानेच.

सोबत अर्जदाराच्या आधार कार्डाची झेरॉक्स, घरपट्टी-पाणीपट्टी भरल्याची चालू पावती (थकबाकी असेल तर बहुतेक ठिकाणी आधी ती भरा म्हणतात), आणि लग्न असेल तर पत्रिका आणि नवरा-नवरी दोघांचे वयाचे दाखले, म्हणजे जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला. वयाच्या दाखल्यावर चिडू नका. मुलीला १८ आणि मुलाला २१ पूर्ण पाहिजे, गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी ग्रामसेवकच असतो, आणि २००६ च्या कायद्यात लग्न लावणाऱ्याला, त्याला हातभार लावणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड आहे. दाखला न बघता हॉल देणारी ग्रामपंचायत तुमच्यावर उपकार करत नाहीये, एखाद्या पोरीचं आयुष्य पणाला लावतेय. असं कुठे दिसलं तर १०९८ ला फोन करा.

मिळतो कुणाला? गावचा रहिवासी, बचत गट, भजनी मंडळ, तरुण मंडळ, शाळा, सगळ्यांना. बाहेरगावच्यांना देतात पण भाडं जास्त असू शकतं. भाडं किती ते ग्रामपंचायतीच्या ठरावात असतं, गावागणिक वेगळं, तेव्हा ठराव दाखवा म्हणून सरळ विचारा. दशक्रियेचं, तेराव्याचं जेवण असेल तर कुणी महिनाभर आधी अर्ज करत नाही, तिथे फोन करायचा आणि कागद त्याच दिवशी द्यायचा. आणि पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकला जाणाऱ्या दिंड्या मुक्कामाला असतात तेव्हा वाटेवरच्या गावांनी त्या दोन-तीन रात्री हॉल मोकळा ठेवावा असं मला मनापासून वाटतं. कडाक्याच्या थंडीत टाळ उशाला घेऊन ओळीने झोपलेली म्हातारी माणसं एकदा बघा, मग भाड्याचा विषय तोंडातून निघत नाही.

आवाजाचं नीट समजून घ्या. रात्री १० ते सकाळी ६ स्पीकर बंद, यात बंद हॉलच्या आतल्या आत ऐकू जाईल एवढ्या आवाजाला सूट आहे, पण दार उघडं टाकून अंगणात डीजे लावला की ती सूट गेली. स्पीकरची परवानगी पोलीस ठाण्यातून वेगळी काढायची, हॉलच्या पावतीत ती येत नाही.

तारीख मोकळी असून नाही म्हणाले तर कारण लेखी मागा. देत नसतील तर १० रुपये भरून माहिती अधिकारात त्या महिन्याच्या बुकिंग रजिस्टरची नक्कल मागा, ३० दिवसांत द्यावी लागते. पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते, ग्रामसभेत तर उभं राहून विचारता येतंच. आणि जातीवरून अडवलं किंवा जात पंचायतीने वाळीत टाकलं म्हणून अडवलं तर तो गुन्हा आहे, सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा ३ जुलै २०१७ पासून लागू आहे, ३ वर्षांपर्यंत शिक्षा.

गावात हॉलच नसेल तर सुरुवात ग्रामसभेच्या ठरावापासून होते. जागा ग्रामपंचायतीच्या नावावर असल्याचा उतारा लागतो, जागेवर अतिक्रमण आणि वाद नको, मग इंजिनिअरचं अंदाजपत्रक, तांत्रिक आणि प्रशासकीय मान्यता, टेंडर, वर्कऑर्डर. सगळ्यात जास्त कामं जागेपाशीच अडकतात, कुणीतरी तोंडी दिलेली जागा पुढे वारसांना मान्य नसते, म्हणून बक्षीसपत्र रजिस्टर झाल्याशिवाय पुढे जाऊच नका.

शेवटी डिपॉझिट. माझ्या मावसभावाच्या लग्नाला आम्ही डिपॉझिट एकाच्या हातात दिलं, पावती "नंतर देतो" म्हणाला. लग्न झालं, पुढच्याच महिन्यात निवडणूक होऊन बॉडी बदलली, नवीन लोकांनी रजिस्टर उघडून दाखवलं तर आमच्या नावापुढे भाडं जमा आणि डिपॉझिटचा रकाना कोरा. ते पैसे आजपर्यंत मिळाले नाहीत, आणि मावशीने ते उसने आणलेले होते. म्हणून भाड्याची वेगळी आणि अनामतीची वेगळी अशा दोन पावत्या, ग्रामपंचायतीच्या नंबर असलेल्या पावती पुस्तकातल्या, त्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. हॉल ताब्यात घेताना लाइटच्या मीटरचा, फुटलेल्या काचेचा, नळाचा मोबाइलवर फोटो काढा, खुर्च्या शिपायासमोर मोजा. कार्यक्रम झाला की त्याच शिपायाला बोलावून परत मोजा, झाडून द्या, आणि चावी देताना रजिस्टरला त्याची सही घेऊन त्या पानाचाही फोटो काढून ठेवा.